मालवणच्या पडवीतून मोनॅको

गुरुवार, २३ मे २०२४

मोनॅकोची शर्यत मला काकांबरोबर बघायची होती. फॉर्म्युला वनच्या वर्षभरात चोवीस शर्यती होतात, पण बाकी एकीसाठीही मी असा हट्ट धरला नसता. काका एसटीत चालक होते. मालवण आगारातून निघून फोंडा, गगनबावडा, आंबोली असे सगळे घाट त्यांनी चढले-उतरले आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला लावून निवृत्त झाले. बाकीच्या बहुतेक शर्यती खास बांधलेल्या ट्रॅकवर होतात. तिथे गाडी बाहेर गेली तर खडी असते, मोकळं मैदान असतं, चालक परत येऊ शकतो. मोनॅकोत मात्र शहराचे रोजचे रस्ते काही दिवस बंद करून त्यांच्यावरच शर्यत होते. ज्या वळणावर एरवी बस थांबते, तिथेच शर्यतीची गाडी लोखंडी कठड्यापासून बोटभर अंतरावरून जाते. अरुंद रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात काय दिसेल, हे मला जाणून घ्यायचं होतं.

कोकणकन्या ठाण्याला वेळेवर आली. डब्यात मे महिन्याची गर्दी, येताना आंबे न्यायला आणलेल्या रिकाम्या पेट्या, आणि दरवाजापाशी कणकवलीपर्यंत उभं राहायची तयारी केलेली माणसं. पनवेल मागे पडेपर्यंत मी जागी होते.

शुक्रवार

कुडाळला उतरून मालवणची एसटी धरली. नेरूरपारचा पूल, धामापूरचं तळं, चौके. या वाटेवर दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे इतके जवळ येतात की समोरून दुसरी गाडी आली तर एकाला थांबावंच लागतं. मी मुद्दाम चालकाच्या मागची सीट घेतली होती. समोरून डंपर आला तेव्हा आमच्या चालकाने आरशात पाहिलं, बस डावीकडे गडग्याला लावून उभी केली आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पुढे यायची खूण केली. डंपर गेला. बसमध्ये कोणाचं बोलणंसुद्धा थांबलं नव्हतं.

"इलंस गो बाय? गाडयेत निजाक गावला?" काकांनी फाटकातच विचारलं. अंगणात रातांबे फोडून सुकत घातले होते, काकीचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. पाऊस यायच्या आत आगोट उरकायची म्हणून घरात सगळ्यांची धांदल. लाकडं रचून झाली होती, पडवीला झापं बांधायची राहिली होती. संध्याकाळी पाचला सगळ्यांनी हातातलं काम ठेवून टीव्हीपुढे बसावं, असं सांगायला मला जरा संकोच वाटत होता. दादाने माझा फोन टीव्हीला जोडून दिला आणि काकी सूप घेऊन तिथेच निवडत बसली.

सरावाचं पहिलं सत्र सुरू झालं. मी काकांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगत गेले. सगळा फेरा ३.३३७ किलोमीटरचा. रविवारी असे ७८ फेरे. इतर शर्यती निदान ३०५ किलोमीटरच्या असतात, पण इथला वेग कमी म्हणून मोनॅकोला २६० किलोमीटरची सूट. पहिली शर्यत १९२९ साली झाली, तिथल्या ऑटोमोबाइल क्लबच्या आंतोनी नोगेस यांच्या खटपटीतून. शेवटच्या वळणाला आज त्यांचंच नाव आहे. शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी कठडे बसवायला सुरुवात होते, तीस किलोमीटरहून जास्त लांबीचे लोखंडी कठडे. आणि दिवसभराची सत्रं संपली की संध्याकाळी रस्ते पुन्हा लोकांसाठी उघडतात.

इथे काका सरसावले. "रातीक रस्तो उघडतत? मगे ह्या गटाराच्या झाकणांचा काय करतत?"

इतकी वर्षं मी ही शर्यत बघते, पण हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता, आणि तो नेमका आहे. या गाड्या जमिनीला इतक्या लगटून धावतात की त्यांच्या खाली हवेचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. तोच कमी दाब सैल झाकण वर उचलतो. म्हणून सगळी झाकणं आधी वेल्डिंग करून पक्की करतात. तरी २०१६ मध्ये इथेच सरावात जेन्सन बटनच्या गाडीवर सुटलेलं झाकण आदळलं, आणि २०२३ मध्ये लास व्हेगासच्या रस्त्यावर कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ पाण्याच्या व्हॉल्वच्या झाकणाने फोडला. काकांनी मान हलवली. त्यांना हे पटलं असं मला दिसलं. त्या क्षणापासून ती शर्यत त्यांच्यासाठी परक्या माणसांचा खेळ राहिली नाही.

झोऊ ग्वान्यूची गाडी कठड्याला लागली, तुकडे रस्त्यावर पडले, लाल झेंडा आला. सत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा काका गाड्यांकडे बघतच नव्हते. चालकाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या हातांकडे बघत होते. "हात बघ तेचे," ते म्हणाले. हॉटेलाखालचं ते हेअरपिन वळण हे फॉर्म्युला वनच्या वर्षातलं सगळ्यात हळू वळण, ताशी जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथे स्टिअरिंग इतकं वळवावं लागतं की मोनॅकोसाठी गाड्यांना स्टिअरिंगची वेगळी जोडणी करतात. काकांना ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःचे हात मांडीवर फिरवून पाहिले आणि म्हणाले, ह्याक जास्ती फिरणारा स्टेरिंग होया.

रात्री साडेआठचं दुसरं सत्र जेवताना बघितलं. फेरारीचा चालक शार्ल लेक्लेर सगळ्यात वेगवान ठरला.

शनिवार

सकाळी मी आणि माझी भाची, दादाची मुलगी, बाहेर पडलो. मोनॅकोचा फेरा पायाखाली किती लांब वाटेल ते मला बघायचं होतं. ती सातवीत गेली आहे, आणि फोनवर अंतर मोजत चालायची कल्पना तिला फारच आवडली. बंदरापासून निघालो. बाजारपेठेतून वर भरडावर, तिथून धुरीवाड्याच्या बाजूने खाली चिवल्याकडे, किनाऱ्याने रॉक गार्डन, मग मेढ्यातून परत बंदरावर. गल्ल्यांतून थोडं इकडेतिकडे केलं तेव्हा सव्वातीन किलोमीटरच्या वर आकडा गेला. थांबत, बोलत, एका ठिकाणी करवंदं घेत आम्हाला तासाभराच्या आसपास लागला.

लेक्लेरने संध्याकाळी हेच अंतर ७० सेकंदांत कापलं. पण तो आकडा ऐकून भाचीला जेवढं आश्चर्य वाटलं असेल, त्यापेक्षा सकाळी बाजारपेठेत ती एकदम थांबली तो क्षण मला जास्त मोलाचा वाटला. दोन दुकानांच्या पायऱ्यांमधल्या अरुंद जागेत उभी राहून तिने विचारलं, "आत्या, त्यांची गाडी इथून जाईल?" मी तिला सांगितलं, गाडी दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटरच्या आसपास लांब असते. तिने पावलं टाकून मोजलं. जाईल, पण शेजारून दुसरी जाणार नाही. मोनॅकोत ओव्हरटेक का होत नाही याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. १९२९ साली ज्या रस्त्यावर शर्यत सुरू झाली तो रस्ता मोठा झालाच नाही, गाड्या मात्र वाढत गेल्या.

तिथल्या वळणांची नावंही ती विचारत होती. पहिलं वळण सांत देव्होत, कारण तिथे त्या संत स्त्रीचं छोटं देऊळ आहे. मग कसिनो, मिराबो, पोर्तिए, बोगदा, ताबाक, जलतरण तलाव, रास्कास. काकाही घाटातल्या वळणांना अशीच नावं घेतात: देवळाचं, टपरीचं, पिंपळाचं. रोज जाणाऱ्या माणसांच्या रस्त्याला नंबर नसतात.

बंदरावर दादा भेटला. तो तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांना पाण्याखाली नेतो. मोसम संपत आला होता, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आता पाऊस सरेपर्यंत बंद होणार, म्हणून शेवटच्या पर्यटकांची रांग लागली होती. काही होड्या वाळूत ओढून वर घेतल्या होत्या. त्याला मी आल्बेर्तो आस्कारीची गोष्ट सांगितली. १९५५ साली मोनॅकोत बोगद्यानंतरच्या वळणावर त्याची लान्चिया गाडी कठडा तोडून थेट बंदरात पडली. तो पोहून वर आला, नाकाला दुखापत झाली होती तेवढीच. दहा वर्षांनी पॉल हॉकिन्सच्या बाबतीतही तेच झालं, तोही वाचला. दादाने पहिला प्रश्न विचारला तो पट्ट्याचा: बांधला होता का? त्या काळात चालकाला पट्टा बांधायची पद्धतच नव्हती, म्हणून तर आस्कारी बाहेर पडू शकला. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. बुडालेल्या गाडीतून माणूस काढायचा म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. आस्कारी त्यानंतर चारच दिवसांनी मोंझाला एक गाडी चालवून बघताना गेला. तारीख होती २६ मे, म्हणजे आमच्या रविवारचीच.

संध्याकाळी साडेसातला क्वालिफाइंग, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणारं सत्र. मोनॅकोत शनिवारचा हा तास हीच खरी शर्यत आहे, असं मी ठामपणे मानते. रविवारी पुढे जायला जागा नाही, म्हणून जो शनिवारी पुढे, तो बहुधा रविवारीही पुढे. आणि एकटा चालक, एकटी गाडी, दोन्ही बाजूंना कठडा, यापेक्षा निखळ कसोटी या खेळात दुसरी नाही.

मागच्या सलग आठ शर्यतींत मॅक्स व्हर्स्टापेन पहिल्या जागेवरून निघाला होता, आयर्टन सेन्नाच्या विक्रमाची बरोबरी करून. शेवटच्या फेऱ्यात पहिल्याच वळणावर त्याची गाडी कठड्याला घासली आणि तो सहावा राहिला. दादा म्हणाला, एवढा मोठा चालक आणि भिंतीला लागला? काका त्याच्याकडे न बघता बोलले, "लागतलोच. भितीपासून लांब रवलो तर येळ जाता. भितीक घाबारलो तर तो भितीकच लागतलो. गाडी खय ठेवची तां आधी ठरवूचा. वेग मगे."

मग लेक्लेर आला. १ मिनिट १०.२७० सेकंद. तलावापाशी त्याची गाडी दोन्ही कठड्यांच्या मधून डावी-उजवी अशी निघून गेली, आणि काकी निवडायचं थांबली. पियास्त्री ०.१५४ सेकंदांनी मागे, साइन्झ तिसरा. पडवीत कोणी काही बोललं नाही, काकांनी फक्त सांगितलं, "परत दाखव तां." तो फेरा आम्ही पाच-सहा वेळा तरी पाहिला.

झोपायच्या आधी मी त्यांना सेन्नाचं १९८८ सांगितलं. क्वालिफाइंगमध्ये स्वतःच्याच संघातल्या प्रोस्टपेक्षा १.४ सेकंदांनी पुढे, जे मोनॅकोसारख्या छोट्या फेऱ्यात अवाढव्य अंतर आहे. रविवारी तो जवळजवळ पन्नास सेकंदांनी आघाडीवर होता, मागून कोणाचा धोका नव्हता, आणि ६७ व्या फेऱ्यात पोर्तिएच्या वळणावर कठड्याला लागून बाहेर गेला. काका अंथरुणावर उठून बसले.

"घाटात कोण मरणा नाय गो. घाट सोपलो, रस्तो सरळ झालो, की मगे मरता."

रविवार

सकाळी दादा बांगडे घेऊन आला. दुपारी फणस फोडला. उकाडा इतका की पंख्याखालीही घाम सुटत होता, आणि काकी दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघून कोकमं आत घ्यायची की नाही ते ठरवत होती.

जेवणानंतर भाचीने तो प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता: अशी शर्यत मालवणात झाली तर? मी तिला हैदराबादचं सांगितलं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. २.८३ किलोमीटरचा फेरा होता, जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. मी तिथे कठड्यापाशी उभी होते. आपल्या देशातल्या रस्त्यावर, रोजच्या दुभाजकाच्या बाजूने त्या गाड्या शिट्टीसारखा आवाज करत गेल्या तेव्हा मला भरून आलं होतं. पण त्याआधीचे कितीतरी दिवस शहरातल्या लोकांनी वाहतुकीची कोंडी सोसली होती, हेही मी पाहिलं. पुढच्या वर्षीची शर्यत जानेवारीतच रद्द झाली.

काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "हय नको गो. आठ दिस बाजारपेठ बंद रवली तर मासे खय इकूचे? म्हातारी माणसा दवाखान्यात कशी जातली?" मला ते पटलं. मोनॅकोने जवळजवळ शंभर वर्षं वर्षातले काही दिवस आपले रस्ते या शर्यतीला दिले, तिथल्या लोकांनी तो सोहळा आपला मानला. दुसऱ्या कुठल्या गावाने ते करावंच असा आग्रह धरता येत नाही. रस्ता आधी तिथे राहणाऱ्यांचा.

साडेसहाला शर्यत सुरू झाली. पडवीत शेजारची दोन-तीन माणसंही आली होती. पहिल्या वळणातून बाहेर पडून चढावर लागतात न लागतात तोच मागच्या बाजूला पेरेझ आणि मॅग्नुसन एकमेकांना भिडले, हुल्केनबर्गही त्यात सापडला. पेरेझच्या गाडीचे तुकडे रस्ताभर उडाले. काकी उभी राहिली. तिघंही चालत बाहेर आले तेव्हा ती बसली. लाल झेंडा, शर्यत थांबली, कठडा दुरुस्त करायला बराच वेळ गेला. तेवढ्यात सोलकढी झाली.

या थांबण्याने सगळं बदललं. नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोन प्रकारचे टायर वापरावे लागतात, त्यासाठी एकदा तरी पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, यावं लागतं. पण लाल झेंड्यात टायर बदलायला परवानगी असते, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्यांनी तेव्हाच ते काम उरकलं. आता याच टायरवर सत्तरहून जास्त फेरे काढायचे. लेक्लेरने वेग जाणूनबुजून कमी ठेवला. मागचे त्याच्या मागे, त्यांच्या मागचे त्यांच्या मागे.

शेजारचे एक गृहस्थ तासाभराने उठले. ही काय शर्यत, नुसते मागोमाग चाललेत, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी जगभरच्या लोकांनी हेच म्हटलं, कारण शेवटी पहिले दहा जण जिथून निघाले त्याच क्रमाने पोचले, फॉर्म्युला वनच्या इतिहासात पहिल्यांदाच. पण मला या शर्यतीला कंटाळवाणी म्हणवत नाही. टायर झिजत चाललेत, इंधन कमी होतंय, गाडी दर फेऱ्याला थोडी वेगळी वागतेय, आणि कठडा तिथेच आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांत प्रत्येक वळणावर गाडी बोटभर अंतराने बरोबर ठेवायची. पडवीत हे सगळ्यात आधी ज्यांना कळलं ते आमचे काका शेवटपर्यंत खुर्चीच्या काठावर बसून होते. "मागोमाग चालवणा सोपा असा काय?" त्यांनी उठणाऱ्या शेजाऱ्याला विचारलं.

शेवटचे दहा फेरे राहिले तेव्हा काकांनी टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. मी त्यांना सांगत होते: हा लेक्लेर याच गावचा मुलगा. याच गल्ल्यांत वाढला. २०२१ मध्ये इथे पहिल्या जागेवर होता, पण सुरुवातीच्या रांगेपर्यंत जातानाच गाडी बिघडली, शर्यतीत उतरताच आलं नाही. २०२२ मध्ये पुन्हा पहिल्या जागेवरून निघाला आणि पिटमधल्या चुकीच्या डावपेचाने चौथा आला. स्वतः शर्यती केलेले त्याचे वडील २०१७ मध्ये वारले. या गावच्या माणसाने इथे याआधी जिंकलं ते १९३१ साली, लुई शिराँने.

काकांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "घाट सोपत इलो," एवढंच म्हणाले.

नऊच्या सुमाराला लेक्लेर जिंकला. मोनॅकोचे प्रिन्स आल्बेर दुसरे व्यासपीठावर रडत होते. नंतर लेक्लेरने सांगितलं की शेवटच्या दोन फेऱ्यांत बोगद्यातून बाहेर येताना त्याचे डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं, वडील आठवत होते. मी ते वाचून दाखवलं. सेन्नाची गाडी जिथे कठड्याला लागली ते पोर्तिए बोगद्याच्या अगदी तोंडाशी आहे. काकांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, रडायचं असेल तर गाडी लावून रडावं, पण ह्याने तेवढा वेळही धरून ठेवलं, हा चालक खरा.

त्यांनी आयुष्यात कोणाला इतक्या मोकळेपणाने चालक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सोमवार

काकीने आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाची साठं बांधून दिली. कुडाळच्या एसटीची वेळ होईपर्यंत काका वही घेऊन बसले होते.

"पुढची अशी रस्त्यावरची कधी असा?"

मी सांगितलं: बाकू, १५ सप्टेंबर. कास्पियन समुद्राच्या काठी. एकीकडे दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, आणि जुन्या शहराच्या तटबंदीपाशी रस्ता फक्त ७.६ मीटर रुंद. वडील गेल्यावर चारच दिवसांनी लेक्लेरने तिथेच फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली होती. काकांनी तारीख लिहून घेतली आणि कालनिर्णय उघडलं. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी १७ ला. म्हणजे बाकूची शर्यत गणपतीत.

रेल्वेची तिकिटं मे महिन्यातच संपली आहेत. काका म्हणाले, एसटीच्या जादा गाड्यांचं बघतो, आरती त्या दिवशी जरा उशिरा करू.